गरोदरपणात फिजिओथेरपी: तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

निशिगंध | मंगळवार, रात्री २:१०

झोप येत नाहीये म्हणून धागा काढतेय. एकतिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. गेले पंधरा दिवस कूस बदलणं म्हणजे मोहीम झालीय. वळताना पुढे, ओटीपोटाच्या खाली हाडात पाचर ठोकल्यासारखी कळ येते आणि कट्ट असा आवाज होतो. परवा तो आवाज नवऱ्यालाही ऐकू आला. दचकून उठला आणि म्हणाला, "पाणी गेलं का?" म्हटलं, नाही, माझंही आहे आणि सोसायटीचंही आहे, झोप.

सलवार उभ्याने घालता येत नाही. एका पायावर भार आला की संपलं. जिना लहान मुलासारखा, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढते.

डॉक्टरांना सांगितलं तर "होतं असं, डिलिव्हरीनंतर जाईल." आई म्हणाली, "असतंच ते." सासूबाई म्हणाल्या, "असतंच ते." एवढं एकमत आमच्या दोन घरांत लग्न ठरतानाही झालं नव्हतं.

काल ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली, फिजिओकडे जा. मी हसले. फिजिओ म्हणजे आमच्या आजोबांच्या गुडघ्याला लाइट द्यायला यायचे ते. पोटात बाळ असताना ते मशीन वगैरे? तर प्रश्न असा: गरोदरपणात फिजिओकडे गेलेलं चालतं का? तुमच्यापैकी कुणी गेलं होतं का? मुळात तुम्हाला कुणी असं सांगितलं होतं का?

चिंगी | मंगळवार, सकाळी ७:३२

नाही. दोन बाळंतपणं झाली, कुणी ब्र काढला नाही. वाचतेय.

हडपसरकर | मंगळवार, सकाळी ९:०५

पुरुष आयडी आहे, चालेल ना? मला आधी फिजिओ म्हणजे बॅट्समनच्या हाताला बॉल लागला की बॅग घेऊन धावत येणारा आणि स्प्रे मारून जाणारा माणूस एवढंच माहीत होतं. बायकोच्या वेळी डॉक्टरीणबाईंनीच चिठ्ठी दिली म्हणून गेलो. तिलाही हेच दुखणं होतं.

तिथे शिकलेली एक गोष्ट लगेच सांगतो, आजच करून बघा. गाडीच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरा, साधी, किराणावाल्याची. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही गुडघे चिकटवलेले ठेवून अख्खं अंग एकदम आत फिरवायचं. पिशवीमुळे बूड सरकतं, पाय फाकवावे लागत नाहीत. गाडी निघण्याआधी पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागला की घसरगुंडी.

जुनंतेसोनं | मंगळवार, सकाळी १०:४८

सगळ्याचा बाऊ करायची हल्ली फॅशनच आहे. आमच्या आजीला नऊ मुलं. नवव्या महिन्यापर्यंत विहिरीचं पाणी शेंदलं, जात्यावर दळलं. कुठला फिजिओ आणि कुठलं काय. फरशी बसून पुसा, उकिडवं बसा, सगळं आपोआप होतं. पाचशे रुपये देऊन कुणी हात-पाय हलवायला शिकवायची गरज नाही. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मीच_ती | मंगळवार, सकाळी ११:१५

@जुनंतेसोनं, दिवा घेतला, आता जरा उजेडात बघा. नऊ मुलांनंतर आजीची कंबर कशी होती, कुणी विचारलं होतं का?

आडवाटकरीण | मंगळवार, दुपारी २:४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. चौदा वर्षं झाली प्रॅक्टिसला, त्यातली निम्मी गरोदर आणि बाळंतीण बायकांबरोबर. जेवणाच्या सुट्टीत टायपतेय, चुका पोटात घाला.

निशिगंध, तुम्ही लिहिलेलं वाचून मला तपासल्याशिवाय निदान करता येणार नाही. पण कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहताना हे जे तिन्ही एकत्र दुखतं ना, ते आम्ही रोज ऐकतो. ओटीपोटाची हाडं म्हणजे एक कडं समजा. त्याला तीन जोड: पुढे एक, मागे कमरेखाली दोन. गरोदरपणात रिलॅक्सिन वगैरे संप्रेरकांमुळे हे सांधे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या थोड्या सैल होतात. त्यातच पोट वाढतं, भार पुढे जातो, चाल बदलते. मग एका बाजूवर जास्त वजन पडलं की सांधा कुरकुरतो. बाळाला याने काही होत नाही. पण "असतंच ते" आणि "त्यावर काही करता येत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि आपल्याकडे पहिलं म्हटलं की दुसरं आपोआप गृहीत धरतात.

रात्रीसाठी: दोन गुडघ्यांमध्ये उशी, घोट्यापर्यंत पोचेल एवढी लांब. वळायचं असेल तेव्हा आधी गुडघे वाकवून चिकटवायचे, श्वास सोडत खांदे आणि कंबर एकत्र फिरवायची, ओंडका लोळवतात तसं. सुती चादरीवर अंग अडकतं, सॅटिनचा गाऊन असेल तर घाला. सलवार पलंगावर बसून. जिन्याचं तुम्ही आधीच बरोबर करताय. आणि बाजारची पिशवी एका हातात लटकवू नका.

मशीनबद्दल: तुमची शंका बरोबर आहे. पोटावर-कमरेवर शॉर्टवेव्ह डायथर्मी (मशीनने दिलेला खोलवरचा शेक) किंवा अल्ट्रासाउंडचा उपचार (तपासणीची सोनोग्राफी नव्हे) आम्ही गरोदर बाईला देत नाही. पण फिजिओथेरपी म्हणजे मशीन नव्हे. तुमच्या बाबतीत बहुतेक वेळ बघण्यात, हाताने तपासण्यात, स्नायूंचे व्यायाम शिकवण्यात आणि गरज वाटली तर कमरेचा पट्टा मापून देण्यात जाईल.

कधी थांबायचं तेही सांगते. अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, वार खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, बीपी चढलेलं असेल, तर आधी तुमच्या डॉक्टर, मग आम्ही. चांगला फिजिओ पहिल्याच भेटीत हे विचारतो. नाही विचारलं तर उठून या.

निशिगंध | मंगळवार, दुपारी ३:०२

ओंडका! आज रात्री ओंडका होणार. खूप खूप आभार. यातलं काही नाहीये मला, रिपोर्ट सगळे ठीक.

कोकणी_फणस | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

@आडवाटकरीण, एक विचारू का? माझं सिझर होऊन सात वर्षं झाली. कमरेत इंजेक्शन दिलं होतं. तेव्हापासून कंबर दुखते ती दुखतेच. आमच्या रत्नागिरीत सगळ्याच बायका सांगतात, ते इंजेक्शन जन्माचं दुखणं देतं.

आडवाटकरीण | मंगळवार, रात्री ९:५५

फणसताई, हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं, रत्नागिरीत काय आणि नाशकात काय. सुई टोचली त्या जागी काही दिवस दुखू शकतं. पण वर्षानुवर्षांचं दुखणं त्या सुईमुळे नसतं. नऊ महिने ताणलेलं पोट, त्यावर टाके, मग वर्षभर वाकून दूध पाजणं, मूल कडेवर एकाच बाजूला घेणं, आणि पोटाच्या स्नायूंना कुणी परत कामाला न लावणं, हे सगळं इंजेक्शनच्या नावावर जमा होतं. इंजेक्शन बिचारं बोलू शकत नाही ना. एकदा पोटाच्या स्नायूंमधली फट तपासून घ्या. उताणं झोपून डोकं उचललं की बेंबीपाशी बोटं आत जातात का ते बघतात. सात वर्षांनंतरही फरक पडतो.

चिंगी | मंगळवार, रात्री १०:१२

आत्ता झोपून बघितलं. दोन बोटं आरामात गेली. नवरा विचारतोय काय शोधतेयस.

हडपसरकर | मंगळवार, रात्री १०:१५

@चिंगी, =)) =))

श्टुटगार्टची_शकू | बुधवार, पहाटे १:३०

इकडचं सांगते. जर्मनीत बाळंतपणानंतर रुकबिल्डुंग नावाचा वर्ग असतो, ओटीपोटाचे आणि पोटाचे स्नायू पूर्ववत करायचा. विम्यातून दहा तास मिळतात. सुईण घरी येते, तीच आठवण करते, "नाव घातलंस का वर्गात?" मी पहिल्यांदा टाळलं. मला वाटलं एरोबिक्स असेल. आईने सातारहून डिंक-अळीव पाठवले होते, ते खाऊन मी गादीवर. सुईण रागावली म्हणून गेले. बारा बायका बाळं शेजारी सतरंजीवर ठेवून आडव्या पडलेल्या, आणि शिकवणारी म्हणते आता आतून लिफ्ट वर न्यायची, पहिला मजला, दुसरा मजला. मला हसू आवरेना. आणि हसताना जे झालं त्यावरून कळलं की मला या वर्गाची गरज आहे. कळतंय ना?

माझी एक मैत्रीण लिऑनला आहे. फ्रान्समध्ये तर डॉक्टर किंवा सुईण बाळंतपणानंतर अशा दहा बैठका लिहूनच देतात, सरकारी विमा पैसे भरतो. तिथे कुणी लाजत नाही, दातांच्या डॉक्टरकडे जावं तसं जातात.

पाटलीणबाई | बुधवार, सकाळी ८:४०

शकू, कळतंय. फार चांगलं कळतंय. मुलीच्या शाळेत पालकांची दोरीउडी स्पर्धा होती. मी म्हटलं माझा पाय मुरगळलाय.

चिंगी | बुधवार, सकाळी ८:५१

शिंक आली की मी पाय क्रॉस करून उभी राहते. मला वाटायचं मी एकटीच.

मीच_ती | बुधवार, सकाळी ९:१०

+१. ट्रॅम्पोलिन पार्क. अधिक बोलत नाही.

आडवाटकरीण | बुधवार, दुपारी २:१५

बघा, कंबरदुखीवर चार प्रतिसाद आणि यावर अर्ध्या तासात तीन. या बायका माझ्याकडे कंबर दुखते म्हणूनच येतात. चौथ्या भेटीत, दारापाशी चप्पल घालताना विचारतात, "अजून एक होतं..."

अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये या लिफ्टच्या व्यायामावर लिहिलं, म्हणून त्याला केगेल म्हणतात. लघवी आणि वायू दोन्ही एकदम रोखून धरतोय अशी कल्पना करून तो भाग आवळायचा आणि वर ओढायचा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या-कुल्हे आवळायचे नाहीत. काही सेकंद धरून पूर्ण सोडायचं. सोडणं पण शिकायचं असतं, ते सगळे विसरतात. आणि लघवी करताना मधेच थांबवून याचा सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

शिंकेची युक्ती: शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. दोन-तीन आठवड्यांत सवय लागते. हे गरोदरपणातच सुरू केलं तर नंतर गळण्याची शक्यता कमी होते. धडा बाळंतपणाआधीचा आहे, आपण परीक्षा झाल्यावर पुस्तक शोधतो.

जुनंतेसोनं | बुधवार, संध्याकाळी ५:३०

मी एवढंच म्हणत होतो की पूर्वीच्या बायकांची हालचालच इतकी होती की वेगळ्या व्यायामाची गरज पडत नसे. आजच्या बायका लॅपटॉपसमोर बसून असतात. मुद्दा चुकीचा आहे का?

ठमाकाकू | बुधवार, रात्री १०:३८

मी इथे सहसा पाककृतींच्या धाग्यावर असते. पण जुनंतेसोनं यांच्या आजीवरून राहवलं नाही.

माझ्या आईला सहा मुलं. आम्ही सांगली जिल्ह्यातले, घरची शेती. बाळंतपण झालं की सव्वा महिना शेक-शेगडी, खाणंपिणं सगळं नीट व्हायचं, त्यात आजीने काही कमी केलं नाही. पण सव्वा महिना संपला की दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाण्याची घागर. मला कळायला लागलं तेव्हापासून आई घरात एका विशिष्ट पद्धतीने चालायची, पावलं जवळजवळ टाकत. लग्नाला-बारशाला गेली की जेवायला बसण्याआधी कोपऱ्यात जाऊन लुगडं सारखं करायची. आम्हाला वाटायचं तिची ती सवय आहे. मी थोरली, बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा तिने मला सांगितलं, अंग (गर्भाशय) बाहेर येतं. पंधरा वर्षं झाली होती. पंधरा वर्षं ती ते हाताने आत ढकलून शेतावर जात होती. वडिलांना माहीत नव्हतं असं ती म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही, पण मी काही बोलले नाही.

शेवटी मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? आई म्हणाली, "बायकांचं असतंच की हे."

तेव्हा आजी विहिरीचं पाणी शेंदत होत्या, खरं आहे. त्यांच्या लुगड्याआड काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार.

चिंगी | बुधवार, रात्री १०:५५

काकू... _/\_

जुनंतेसोनं | बुधवार, रात्री ११:२०

ठमाकाकू, मी आज आईला फोन करून विचारलं. आजीच्या अखेरच्या वर्षांत आईच तिचं सगळं करायची. ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुला आज हे काय सुचलं?" माझी पहिली पोस्ट मागे घेतो.

वर्धेची_पोर | गुरुवार, दुपारी १२:४५

मी एएनएम (सरकारी नर्स) आहे, उपकेंद्रावर. काय सांगू बाप्पा, तुमचा धागा वाचून हसू पण येते अन् राग पण. फिजिओ आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात नाही, जिल्ह्याला आहे. एसटीने दीड तास जाणं, दीड तास येणं, रांग वेगळी. मंजे दिवसाची मजुरी गेली. दर महिन्याच्या ९ तारखेला मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून सुरू आहे. त्या दिवशी डॉक्टर भेटते, रक्त, बीपी, वजन, सोनोग्राफीची चिठ्ठी, सगळं होते. कंबर दुखते असं बाई म्हणते तवर पुढची बाई खुर्चीवर बसलेली असते.

आमच्या बाया आठव्या महिन्यापर्यंत कापूस वेचतात. ओटी कमरेला बांधलेली, भरत गेली की वजन पुढे लटकते, पोट आधीच पुढे. त्यांना "आराम कर" सांगून काय होणार? म्हणून मी एवढंच सांगते: ओटी अर्धी झाली की रिकामी कर, पूर्ण भरू नको. बाजेवरून उठताना आधी कुशीवर हो, मग हाताने रेटून उठ, सरळ उठू नको. घमेलं उचलताना कमरेतून नाही, गुडघ्यातून वाक. हे मला नर्सिंगच्या पुस्तकात नाही, एका फिजिओ मॅडमनी ट्रेनिंगमध्ये अर्ध्या तासात शिकवलं होतं. तो अर्धा तास मी सात वर्षं वापरून राहिली.

आडवाटकरीण | गुरुवार, दुपारी २:३०

वर्धेची_पोर, ओटी अर्धी झाली की रिकामी करायची हे माझ्याही डोक्यात आलं नसतं. उचललं हे मी.

एमपीटी_पीडित | गुरुवार, रात्री ८:०५

मी फिजिओथेरपीत मास्टर्स करतेय आणि माझा प्रबंधच या विषयावर आहे, त्यामुळे धागा बघून खुर्चीतून उठले. प्रसूतिपूर्व ओपीडीबाहेरच्या बाकांवर बसून प्रश्नावली भरून घेते. आकडे अजून मांडलेले नाहीत आणि मांडले तरी गाईड बदलायला लावणार, त्यामुळे आकडे नाहीत. अनुभव देते.

पहिला प्रश्न: "फिजिओथेरपीबद्दल ऐकलंय का?" बायका पटकन "हो" म्हणतात. मी सुरुवातीला खुश. मग तोंडी विचारायला लागले, कशासाठी असते? तर "सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा", "भावाचा पाय मोडला तेव्हा". म्हणजे कागदावर जागरूकता उत्तम, प्रत्यक्षात गरोदरपणाशी त्याचा संबंध शून्य. गाईडना म्हटलं प्रश्नच बदलायला हवा. त्या म्हणाल्या, एथिक्स कमिटीकडून मंजूर झालाय, आता नको.

दुसरं, बाईला विचारलं की शेजारची उत्तर देते. सासू, आई, नणंद, कधी नवरा. "तुम्हाला कंबरदुखी आहे का?" "नाही हो, तिला काही त्रास नाही." ती बाई तोवर एक हात कमरेवर ठेवून उभी. एकदा मी म्हटलं, तुम्ही जरा चहा घेऊन या. सासूबाई गेल्या आणि त्या मुलीने पेन माझ्या हातातून घेऊन स्वतःच खुणा केल्या.

तिसरं, "डॉक्टरांनी सांगितलं तर जाल का?" याला जवळपास कुणीच नाही म्हणत नाही. विरोध फारसा नाहीच. भीती आहे, व्यायामाने बाळ खाली येईल, नाळ गुंडाळेल वगैरे. पण डॉक्टरांचं एक वाक्य पुरतं. ते एक वाक्य बोललं जात नाही, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, दुसरी काही अडचण नसेल तर, गरोदर बायकांनाही आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. आमच्या बाकांवर अजून "जिना चढू नको" चाललंय.

मीच_ती | गुरुवार, रात्री ९:३०

डॉक्टरांचं वाक्य ठीक आहे, पण वाक्यामागे पॅकेज असेल तर? माझ्या वेळी एका नावाजलेल्या ठिकाणी "नॉर्मल डिलिव्हरीची तयारी" म्हणून अठरा हजार भरले. गर्भसंस्कार, संगीत, फिजिओ, फोटोशूट, सगळं एकाच टोपलीत. फिजिओ म्हणजे काय, तर पंधरा जणी मोठ्या चेंडूवर बसून गाण्यावर डुलणार आणि एक मुलगी व्हिडिओ काढणार. मला कुणी हातही लावला नाही, काय दुखतं विचारलं नाही. शिकवणारी कोण म्हणून विचारलं तर तीन दिवसांचा कोर्स केलेली. शेवटी सिझर झालं. "तुम्ही सेशन चुकवलीत" हे वर ऐकून घेतलं.

आडवाटकरीण | गुरुवार, रात्री १०:२०

नॉर्मलची हमी कुणी देत असेल तर तिथून चालायला लागा, तोही व्यायामच. शिक्षण विचारायला लाजू नका. बीपीटीएच ही फिजिओथेरपीची चार वर्षांहून जास्त चालणारी पदवी आहे, त्यात इंटर्नशिपही. चेंडू वाईट नाही, मीही वापरते. पण आधी बाई तपासायची, मग चेंडू.

कोकणी_फणस | शुक्रवार, सकाळी ७:५०

रच्याकने (जाता जाता), शकूच्या आईच्या डिंकाच्या लाडवांत खारीक किती? माझे दगड होतात.

पाटलीणबाई | शुक्रवार, सकाळी ८:१५

पाक पुढे जातोय तुमचा. गूळ विरघळला की उतरवा. आणि डिंक तळताना थोडा थोडा टाका, फुलला की लगेच काढा.

श्टुटगार्टची_शकू | शुक्रवार, दुपारी १२:१०

आई म्हणते खारीक डिंकाच्या दुप्पट. आणि पोट बांधायचं विसरू नका म्हणते. @आडवाटकरीण, पोट बांधण्यावर काय मत? आई जुनं मऊ लुगडं फाडून इतकं आवळून बांधायची की जेवण जायचं नाही.

आडवाटकरीण | शुक्रवार, दुपारी २:२५

हलका आधार म्हणून काही दिवस ठीक, सिझरवाल्यांना खोकताना बरं वाटतं. पण करकचून बांधलं की पोटातला दाब जाणार कुठे? खाली. तिथले स्नायू आधीच थकलेले. त्याने पोट आत जात नाही, स्नायूंनी काम केलं की जातं. आईंना सांगा, लुगड्याची दुपटी करा, जास्त उपयोग होईल.

हडपसरकर | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

फिजिओच्या धाग्याचं स्वयंपाकघर झालंय. मूळ प्रश्नकर्ती कुठे आहे?

निशिगंध | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:१५

आहे, आहे. चौतिसावा संपला.

ओंडक्याचा दुसऱ्या दिवसापासूनच फायदा झाला. मग घराजवळची एक फिजिओ शोधली, जाण्याआधी पदवी विचारली (मीच_ती, तुमची कृपा). पहिल्या भेटीचे आठशे, पुढच्या सहाशे. चार वेळा गेले. पहिल्याच दिवशी तिने वीस मिनिटं नुसतं चालायला, बसायला, उठायला लावलं आणि म्हणाली, तुम्ही सगळा भार उजव्या पायावर देऊन उभ्या राहता, लिफ्टची वाट बघताना, ओट्यापाशी, सगळीकडे. मला बत्तीस वर्षांत हे माहीत नव्हतं. पट्टा दिलाय, तो बाहेर पडताना लावते. भिंतीला पाठ टेकून कंबर सपाट करायचा व्यायाम, मार्जारासनासारखा एक, आणि लिफ्टवाला (शकू, मीही हसले). मशीन एकही नाही.

दुखणं गेलं का? पूर्ण नाही. जास्त चाललं की संध्याकाळी बोलतं. पण रात्री पाच वेळा रडत उठायचे ते बंद झालं. कट्ट आवाज अजून येतो कधीतरी, नवरा झोपेतच म्हणतो "सोसायटीचं".

डॉक्टरांनाही सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं केलंत, त्यांचा नंबर द्या मला, मी कुणाला पाठवायचं हेच मला माहीत नसतं." मी आपली मनातल्या मनात महिनाभर त्यांच्यावर चिडलेली.

सासूबाई पहिल्या दिवशी सोबत आल्या होत्या, "बघू तरी काय करतात" म्हणून. आता रोज संध्याकाळी माझ्याबरोबर भिंतीला पाठ लावून उभ्या असतात.

एमपीटी_पीडित | रविवार, संध्याकाळी ५:००

डॉक्टरांचं वाक्य प्रबंधात घालू का? नाव न घेता?

निशिगंध | रविवार, संध्याकाळी ५:०४

घाल गं. सासूबाईंचंही घाल.

ठमाकाकू | रविवार, रात्री ११:१०

आडवाटकरीण, तीन आठवडे विचार करत होते विचारू की नको. माझं वय ६३. आईचं लिहिलं मी तेव्हा, ते सगळं खरं. पण दोन वर्षांपासून मलाही खाली जड वाटतं, संध्याकाळी जास्त. मी कुणाला बोलले नाही. या वयात व्यायामाचा काही उपयोग असतो का? की थेट ऑपरेशन? इथे नको, विपुत (विचारपूस पानावर) लिहू का?

आडवाटकरीण | रविवार, रात्री ११:१३

असतो काकू. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून किती आहे ते बघू, मग व्यायामाचं ठरवू. थेट ऑपरेशनच असं नसतं. विपुत नंबर टाका, उद्या दोन वाजता मीच फोन करते. सोबत कुणी येणार नसेल तर तेही सांगा.